आराशीतली दहा माणसं

यमुनाबाईंच्या घरी ती दहा माणसं आली ती एका प्लॅस्टिकच्या नळीतून. होळीच्या सुमारास जावयाचा कोणी मित्र लग्नासाठी अमेरिकेहून आला होता. त्याच्या बॅगेतून ती नळी, बदामाची दोन पाकिटं आणि सदाशिवरावांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र असा ऐवज एन-नाईन वसाहतीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोचला. यंत्र सदाशिवरावांनी लगेच दंडाला बांधलं, आकडा बघितला आणि ते तसंच परत खोक्यात घालून ठेवलं. बदाम आठवडाभरात संपले. नळी मात्र यमुनाबाईंनी देवघरातल्या कपाटात ठेवली, कारण ती मुलीने पाठवली होती आणि तिच्यावर 'आजीसाठी' असं लिहिलं होतं.

मुलगी विशाखा नवऱ्याबरोबर व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड शहरात राहते. तिची सावनी आठ वर्षांची; पाच वर्षांची असताना ती एकदाच इकडे येऊन गेली होती. तिकडे शाळेत शिकवायला म्हणून ही बोटाच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची माणसं मिळतात. इंग्रज यायच्या आधीपासून त्या भागात राहणारे हे लोक, नाव पावहाटन. एक बाई लाकडी उखळात मका कांडतेय, दुसरी घरासाठी चटई विणतेय, तिसरी शेतात आहे. एकजण जाळं टाकतोय, एकजण ओंडका जाळून-खरवडून त्याची होडी करतोय, पिसांची शाल पांघरलेला एक सरदार आहे आणि माळ्यावर बसून पाखरं राखणारं एक पोरही आहे. एका संचावर दुसरा फुकट होता म्हणून विशाखाने एक आईला पाठवला. हा तपशील यमुनाबाईंनी कधी मनावर घेतला नाही. "मुद्दाम माझ्यासाठी घेतला," असं त्या सगळ्या बिल्डिंगला सांगून बसल्या होत्या.

त्याआधीची गोष्ट सांगायची तर दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला विशाखाचा व्हिडिओ कॉल यायचा. सावनी पडद्यावर यायची, 'हाय आजी' म्हणायची, मग 'बाय आजी' म्हणायची, आणि या दोहोंच्या मध्ये तिने श्वास घेतलेलासुद्धा यमुनाबाईंना आठवत नव्हता. "तिला सगळं समजतं गं, बोलायला लाजते," असं विशाखा म्हणायची. यमुनाबाईंना लाजणं आणि दुरावणं यातला फरक कळत होता. पोर दर आठवड्याला थोडी थोडी हातातून सुटत चालली होती. अजून दोन-चार वर्षांनी आपण तिच्यासाठी आईच्या फोनमधली एक म्हातारी उरू, ही भीती त्यांना भाजी निवडताना, नळाला पाणी यायची वाट बघताना, कुठेही गाठायची. त्या ती कुणाला बोलून दाखवत नसत.

नळी आली आणि एका रविवारी सावनी 'बाय' म्हणायच्या आत यमुनाबाईंनी उखळवाली बाई कॅमेऱ्यासमोर धरली. "अगं, ही कोण? हिच्या हातात काय आहे?"

"दॅट्स फॉर कॉर्न," सावनी म्हणाली.

"उखळ म्हणतात त्याला. आणि हे मुसळ."

"उकळ."

"उकळतो तो चहा. उखळ."

पोर हसली. पळत जाऊन तिने आपली उखळवाली आणली. त्या दिवशी कॉल पंचवीस मिनिटं चालला आणि सदाशिवरावांच्या बातम्या बुडाल्या, त्याबद्दल त्यांनी पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

मग दर रविवारी खेळ मांडला जाऊ लागला. इकडे स्टुलावर दहा, तिकडे गालिच्यावर दहा. सावनी शाळेत शिकलेलं सांगायची, यमुनाबाई त्याला मराठी नावं द्यायच्या. जाळंवाल्याचं नाव कडुबा पडलं आणि सरदाराचं तात्यासाहेब. पावहाटन लोकांत घर बायका बांधायच्या, शेतीही त्याच करायच्या आणि सरदारकी आईकडून यायची, हे सावनीने सांगितल्यावर यमुनाबाईंनी ते जरा मोठ्यानेच सदाशिवरावांना ऐकवलं.

"पुरुष मग काय करायचे?" सदाशिवरावांनी पेपराआडून विचारलं.

"शिकार आणि मासेमारी. बसून नाही राहायचे."

"त्यांच्याकडे पेपर येत नसणार," सदाशिवराव म्हणाले.

या खेळातल्या तिसऱ्या भिडू म्हणजे सरूबाई. सरूबाई तळमजल्यावर राहतात. मूळच्या लासूर स्टेशनकडच्या शेतकरी. मुलगा वाळूजला कंपनीत लागला म्हणून आठ वर्षांपूर्वी शहरात आल्या, पण शेत त्यांच्या बोलण्यातून गेलं नाही. शेतातली ती बाहुली त्यांनी खिडकीपाशी नेऊन, डोळे बारीक करकरून पाहिली. बाहुलीच्या पायाशी मक्याचं ताट होतं, ताटाला वेल गुंडाळलेला होता आणि खाली भोपळा.

"ताई, ही बाई लई हुशार हाय बगा," त्या म्हणाल्या. "मक्याच्या बुडाशी शेंगाचा वेल सोडलाय. त्यो मक्यावर चढतो. खाली भोपळ्याची पानं पसरली की तण व्हत नाय, वल बी टिकती. आमी तूर न् बाजरी अशीच संगं पेरायचो. हे ज्यानं केलं त्यानं शेत बगून केलंया."

सावनीला हे लगेच सांगण्यात आलं. शाळेत बाईंनी अगदी असंच सांगितलं होतं, म्हणून तिचा सरूबाईंवर एकदम विश्वास बसला. तेव्हापासून ती त्यांनाही कॉलवर बोलावून घ्यायची. परिणाम असा झाला की रिचमंडमध्ये जन्मलेल्या त्या पोरीला माळा, गोफण, खुरपं हे सगळं कळू लागलं. "आई, ती परवा टीचरला 'व्हय' म्हणाली," अशी विशाखाची तक्रार आली. यमुनाबाईंनी ती तक्रार पेढा मिळाल्यासारखी ऐकून घेतली.

असे पाच महिने गेले आणि भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या.

आपल्याकडे महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढे आरास मांडायची आणि त्या आराशीत घरातलं जे जे म्हणून चांगलं असेल ते ठेवायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यमुनाबाईंच्या आराशीचं एन-नाईनमध्ये नाव होतं. पायऱ्यांवर जरीचं कापड, आठ दिवस आधी पेरलेल्या गव्हाचं शेत, आरशाचं तळं, लाकडी बैलजोडी, विशाखाच्या लहानपणची चावीची कोंबडी. यंदा मात्र त्यांनी पहिली पायरी मोकळी करून घेतली. थोरली आणि धाकटी अशा दोन्ही महालक्ष्म्यांच्या बरोबर मध्ये, देवींच्या बाळांच्या समोर, त्यांनी ती दहा माणसं मांडली. उखळवाली सगळ्यांत पुढे. तात्यासाहेब जरा मागे, कारण सरदारकी आईकडून येते. मग अनामिकेने एकेकाला हळद-कुंकू लावलं. याहून मोठा मान त्यांच्या घरात कुणाला देता येत नव्हता.

योगायोगाने त्या दिवशी रविवार होता. साडेसहाला फोन वाजला तेव्हा यमुनाबाई नवी साडी नेसून तयारच होत्या. "सावनी, बघ तर कुठे बसलेत सगळे!" असं म्हणून त्यांनी फोन आराशीकडे फिरवला.

पडद्यावरचा चेहरा अगदी जवळ आला. मग सावनी म्हणाली, "आजी, हे काय केलं तू?"

"मानाची जागा दिली. आवडली?"

"नो. काढ त्यांना."

यमुनाबाईंना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पण सावनीचा चेहरा लाल झाला होता. ती मराठी शोधत शोधत बोलू लागली आणि जिथे मराठी सापडली नाही तिथे इंग्रजी. त्यांच्या शाळेत गेल्या आठवड्यात एक ताई आली होती. पामंकी जमातीची. पावहाटनमधलीच, आजची. ती मातीची भांडी करते. ती स्वतःची कार चालवत आली होती. तिने मुलांना सांगितलं की आम्ही जुने लोक नाही, आम्ही आहोत. लोक आमचे पुतळे करून काचेत ठेवतात, सजावटीत ठेवतात आणि आम्हाला विचारत नाहीत. खेळा, पण आम्ही कोण ते शिकून खेळा, असं ती म्हणाली होती.

"आणि तू त्यांना डेकोरेशन केलं," सावनी म्हणाली. "कोंबडीच्या बाजूला."

"अगं, डेकोरेशन नाही बाळा, मान आहे तो. देवीच्या पुढ्यात—"

"तू विचारलं त्यांना?"

आता बाहुल्यांना काय विचारायचं, असं यमुनाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "बरं, परवा विसर्जन झालं की काढते. एकदा महालक्ष्म्या बसल्या की आरास हलवायची नसते."

"मग मी नाही खेळणार," सावनी म्हणाली आणि पडद्यावरून निघून गेली. रिकामी खुर्ची तेवढी दिसत राहिली. मग विशाखाचा चेहरा आला. "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. लहान आहे. विसरेल ती."

विशाखाने हे समजूत घालायला म्हटलं होतं. यमुनाबाईंच्या काळजात नेमकं तेच रुतलं.

दुसऱ्या दिवशी महानैवेद्य. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, शिवाय देवीपुढे टांगायचा फुलोरा, म्हणजे कणकेच्या फण्या, करंडे, कमळं करून ती तळायची. दरवर्षीसारख्या सरूबाई सकाळीच मदतीला आल्या. यमुनाबाईंनी पुरण घाटलं, त्यात जायफळ दोनदा घातलं, आणि मग सगळं सांगून टाकलं.

"मी काय वाईट केलं हो सरूबाई? कचऱ्यात टाकलं का त्यांना? देवीपुढे बसवलं!"

सरूबाईंनी पुढचा गोळा हातात घेतला. हातातली पारी पातळ करत करत म्हणाल्या, "ताई, एक सांगू? तुमी रागावू नगा."

"सांगा."

"मागं नातवाच्या वाढदिवसाला पोरांनी मला वेरूळच्या रस्त्याला एका हाटेलात नेलं व्हतं. खेड्यावानी सजवलेलं. तिथं दारातच सिमिटाची बाई बसवलेली, जात्यावर. हिरवं लुगडं, कपाळाला आडवं कुकू, पदर खोचलेला. बगते तर मीच की! खाली पाटी. मी चौथी शिकलेय, वाचता येतं मला. 'पूर्वीचे जीवन' लिवलेलं. म्या म्हनलं, पूर्वीचं? मी तर सकाळी भाकरी थापून आलेय. मंग मी कोण हाय, भूत?"

यमुनाबाईंना हसू आलं. सरूबाईही हसल्या, पण त्यांचं हसणं लवकर थांबलं.

"पोरंसोरं तिच्या गळ्यात हात घालून फोटू काढत व्हती. लई कवतिक चाललं व्हतं. आन् मी तिथंच बाजूला उबी. माज्याकडं कुणी बगंना. एक बाई तर मला म्हनली, 'मावशी, जरा सरका, फोटोत येताय.'"

कढईखालचा गॅस यमुनाबाईंनी बारीक केला. आठ वर्षांत सरूबाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"कुणी वाईट नव्हतं केलं, ताई. मानच दिला व्हता. पर इचारलं नव्हतं. तुमच्या नातीचं मला तरी पटतंय."

यमुनाबाईंचं लग्न होऊन सेहेचाळीस वर्षं झाली होती. या सेहेचाळीस वर्षांत बसलेल्या महालक्ष्म्यांपुढून त्यांनी गव्हाचा दाणासुद्धा हलवला नव्हता. एका वर्षी उंदराने आराशीतला लाडू अर्धा खाल्ला, तर उरलेला अर्धा विसर्जनापर्यंत तसाच ठेवला होता. सदाशिवराव तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगतात. तेव्हा आता जे झालं ते बघून सदाशिवराव सोफ्यावरून उठलेच.

यमुनाबाई हात धुऊन देवीसमोर उभ्या राहिल्या. हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "आई, लेकराने सांगितलंय आणि मला ते पटलंय. चूक असेल तर बोल मला लाव, तिला नाही." आणि पहिल्या पायरीवरून त्यांनी एकेक करून दहाही माणसं उचलली. ओंजळीत आत नेली. लिंबाने धुतली, साबणाने धुतली, पण हळद ती हळद, उखळवालीच्या कपाळावरचा पिवळा डाग काही केल्या गेला नाही. पुन्हा नळीत कोंबायचं त्यांच्या जिवावर आलं. बेडरूमच्या खिडकीतल्या टेबलावर धुतलेला रुमाल अंथरून त्यांनी सगळी उजेडाला मांडून ठेवली.

परत येऊन बघतात तर पहिली पायरी भकास दिसत होती. नैवेद्याला तासभर उरला होता.

"आता हितं कोन बसवायचं?" सरूबाईंनी विचारलं.

यमुनाबाईंनी परातीकडे पाहिलं. फुलोऱ्याची घट्ट मळलेली कणीक होती. करंडे-फण्या करून करून त्यांची बोटं त्यात मुरलेली होती, आणि करंडा जमतो त्याला माणूस न जमायला काय झालं?

"आपण बसायचं," त्या म्हणाल्या. "पण विचारून."

पहिल्यांदा सदाशिवरावांना विचारण्यात आलं. "तुम्हाला आराशीत मांडू का?"

"मांड. पण डोक्यावर केस पाहिजेत."

"तुम्हाला केस होते कधी?"

"मुंजीच्या आधी होते."

सरूबाईंनीही होकार दिला, पण अट घातली. "माज्या हातात जातं नगं, सूप बी नगं. मोबाईल द्या. मी दिवसभर लेकीसंगं त्याच्यावरच तर असते." तेवढ्यात इस्त्रीचे कपडे घेऊन माऊली आला. बिल्डिंगच्या गेटाशी त्याची इस्त्रीची गाडी असते. त्याला दारातच विचारलं. तो आधी गोंधळला, मग लाजला आणि म्हणाला, "मांडा की काकू, पण इस्त्री बंद दाखवा. सणासुदीला तरी सुट्टी द्या." जिन्यातल्या मांजरालाही यमुनाबाईंनी विचारून पाहिलं. ते उठून निघून गेलं, म्हणून मांजर केलं नाही.

स्वतःला करायची वेळ आली तेव्हा यमुनाबाई जरा अडल्या. नऊवारी नेसवावी की काय? मग त्यांनी गाऊन केला, वरून ओढणी दिली आणि हातात झारा. सकाळी नऊ वाजता त्या तशाच असतात.

चौघं तेलात पडली. यमुनाबाई ठीक निघाल्या. सरूबाईंचा मोबाईलवाला हात निखळला, तो लवंग टोचून जोडला. माऊली छान खरपूस झाला. सदाशिवराव मात्र तेलात गेल्याबरोबर फुगले ते फुगतच गेले आणि वर तरंगले तेव्हा त्यांचं पोट पुरीएवढं झालं होतं. सरूबाई हसून हसून ओट्याला टेकल्या. खुद्द सदाशिवरावांनी येऊन पाहिलं आणि साम्य आहे, असं कबूल केलं.

नैवेद्य झाला. पहिल्या पायरीवर चौघं जण बसली. यमुनाबाईंनी त्यांचा एक फोटो आणि खिडकीतल्या दहाजणांचा एक फोटो विशाखाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचलं नाही. दुपारभर त्या काम करत राहिल्या आणि दर थोड्या वेळाने ओल्या हाताने फोन उघडून बघत राहिल्या. फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा काही उमटत नव्हत्या. तिकडे अजून उजाडायचं होतं, हे त्यांना कळत होतं. पण जिवाला ते सांगून उपयोग नव्हता.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. कणकेचे सदाशिवराव बघून हसण्याचा कल्लोळ उठला होता, आणि सातच्या सुमारास फोन वाजला. अमेरिकेत त्या दिवशी सुट्टी होती. पडद्यावर सावनी एकटीच होती, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले.

"ते दहा कुठे आहेत?" तिने पहिल्यांदा तेच विचारलं.

यमुनाबाई फोन घेऊन आत गेल्या आणि खिडकीतलं टेबल दाखवलं. "हळद पूर्ण निघाली नाही गं उखळवालीची. लिंबू लावून पाहिलं." मग त्या म्हणाल्या, "माझं चुकलं सावनी. विचारायला हवं होतं."

आपली बायको हे वाक्य बोलू शकते, हे दाराशी उभ्या सदाशिवरावांना नवीनच होतं. ते गुपचूप ऐकत राहिले.

"ओके," सावनी म्हणाली. टेबलाकडे बघत म्हणाली, "आता ते बाहेर बघतायत. छान आहे."

मग तिला चौघांना बघायचं होतं. यमुनाबाई बाहेर आल्या, पायरीसमोर मांडी घालून बसल्या आणि फोन जवळ नेला. हे कोण? हे माऊली, इस्त्री बंद आहे बघ. हातात काय आहे? मोबाईल, सरूआजींना तोच हवा होता. तू गाऊनमध्ये का? कारण मी गाऊनमध्येच असते. आजोबांवर सावनी इतकी हसली की पडद्याबाहेर पडली आणि परत आली. सगळ्यांना विचारलं होतं का, हे तिने दोनदा खात्री करून घेतलं. सरूबाईंनी मागून ओरडून ग्वाही दिली. पोर बोलत होती, हसत होती, आणि कालपासून यमुनाबाईंच्या छातीवर बसलेलं ओझं उतरू लागलं होतं.

तेवढ्यात सावनीने चौघं बोटाने मोजली. पायरीकडे निरखून बघत तिने विचारलं, "आजी, मी कुठे आहे?"

यमुनाबाईंनी फोन जरा खाली घेतला.

"तू नाहीस गं," त्या म्हणाल्या.

"का?"

सकाळी पाचवा गोळा त्यांनी हातात घेतला होता, ही गोष्ट सरूबाईंनाही दिसली नव्हती. घेतला, वळला आणि परत परातीत ठेवला. सदाशिवरावांना विचारणं सोपं होतं, माऊलीला सोपं होतं. पण सावनी झोपलेली होती, रुसलेली होती, आणि जागी असती तरी यमुनाबाईंनी विचारलं असतं की नाही देव जाणे. कारण ती 'नाही' म्हणाली असती तर? मी तिकडची नाही, मी इकडची आहे, असं म्हणाली असती तर? हा प्रश्न त्यांनी गेली दोन-तीन वर्षं जपून, न विचारता ठेवला होता.

"तुला विचारलं नव्हतं ना," त्या शेवटी म्हणाल्या.

सावनीला ते एकदम पटलं. तिने मान हलवली. "मग आता विचार."

हळदीकुंकवाच्या बायका फोनभोवती जमल्या होत्या. सरूबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली होती. सेहेचाळीस वर्षं सगळ्या घराला, बिल्डिंगला आणि प्रसंगी सोसायटीच्या चेअरमनला ठणकावणाऱ्या यमुनाबाईंचा आवाज पार बारीक झाला.

"सावनी, आमच्यात बसतेस का गं?"

"हो," सावनी म्हणाली. क्षणभरही न थांबता, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "पण मला आजोबांसारखं तळू नको."

"नाही तळत. कच्चीच ठेवते." यमुनाबाईंना हसायचं होतं, पण डोळे ऐकेनात. चार बायकांदेखत त्यांनी ते पदराने पुसले आणि त्याची त्यांना जराही लाज वाटली नाही. सरूबाईंनी न सांगता आतून परात आणून पुढ्यात ठेवली. यमुनाबाईंनी उरलेल्या कणकेचा गोळा घेतला, डोकं वळलं, मान केली आणि फोनकडे बघून विचारलं, "केस मोकळे ठेवू?"

"नाही," सावनी म्हणाली. "दोन वेण्या. मी आले होते तेव्हा तू घातल्या होत्या ना, तशा."